पाचवी पाकळी

टीचरांकडे ग्रीटिंग कार्ड घ्यायला आलेल्या माणसाला आधी ओटीवरच्या बाकड्यावर बसावं लागे. मग उलटतपासणी सुरू होई. कार्ड कोणाला द्यायचं एवढं विचारून दुसरं कोणीही थांबलं असतं. टीचर तिथून सुरुवात करायच्या. तो माणूस सकाळी उठल्यावर आधी काय करतो? जेवायला काय नसलं की ताटावरून उठतो? आणि शेवटी, चष्मा कपाळावर सरकवून, हमखास एक प्रश्न: "राग इलो काय तो काय करता?"

बायकोसाठी लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड घ्यायला आलेला एक निवृत्त फौजी या प्रश्नाला अडला. पंचवीस वर्षं संसार केला होता, पण बायकोला राग आला की ती काय करते हे काही त्याला सांगता येईना.

"मगे घरा जा आणि बघून ये," टीचर म्हणाल्या.

तो खरोखरच गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्याकडे उत्तर होतं. "भांडी घासता. घासलेली परत घासता." त्या कार्डावर टीचरांनी चांदीच्या वर्खाची लखलखीत भांडी एका ओळीत मांडली आणि खाली छोटीशी अबोली रंगवली. फौजीच्या बायकोने ते कार्ड देवघराशेजारी लावलं आहे असं पुढे ऐकलं.

मी कराडकडची. कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली आणि आरोंद्याला टीचरांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. गाव मला 'बाई' म्हणे आणि त्यांना 'टीचर', कारण त्यांनी सावंतवाडीला इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवण्यात सारी नोकरी काढली होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारलं तर म्हणत, "येळ खंय गावलो?" अंगणात पांढरा क्रूस, त्याच्यामागे माड, माडांच्या मागे खाडी, आणि घरात सगळीकडे कागदाचे कपटे. जेवताना भातात सोनेरी वर्खाचा तुकडा निघाला तर तो बाजूला काढून मुकाट जेवायचं, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले.

त्यांच्या कार्डांचं सगळं काम दोन लाटण्यांच्या एका यंत्रावर चाले. हाताने फिरवायचं, चपात्यांचं असावं तसं दिसणारं. कुवेतला असलेल्या कोणा नातेवाइकाने आणून दिलं होतं. पातळ पोलादी पट्टीचे पानाफुलांचे साचे असत, त्यांना त्या डाय म्हणत. डाय कागदावर ठेवायची, दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिकच्या ताटल्या लावायच्या आणि यंत्रातून पिळून काढायचं, की पलीकडून फूल कापून बाहेर येई. यंत्राचं नाव 'घाणो'. एक डाय नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कापायची होती, पण टीचरांच्या मते घाण्याला कागद काय आणि पीठ काय, दोन्ही सारखंच. फूल निघालं की डिंकाने त्याच्या शिरा ओढायच्या, डिंक चिकट झाला की त्यावर वर्खाचा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची आणि मग श्वास रोखून कागद सोलायचा. शेवटी जलरंग.

पावसाळ्यात कोकणातली हवा कागदाला पापडासारखा वाकवते. म्हणून जून लागला की कार्डांचा सगळा कागद तांदळाच्या पिंपात जाई. तांदूळ ओल शोषतो, कागद ताठ राहतो. त्यामुळे टीचरांच्या पावसाळी कार्डांना जुन्या तांदळाचा वास येई, आणि एकदा तर वर्खाखाली तांदळातला किडा चिरडून सपाट झाला. मी म्हटलं, हे कार्ड बाजूला ठेवा. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "ऱ्हवांदे. मेल्याक सोन्याचो कोट गावलो," असं म्हणून त्यांनी किड्याला दोन पंख काढले आणि कार्ड गेलं.

डोळे तेव्हाच अधू झाले होते. दोन्हीत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलत. कान मात्र तिखट. सुट्टीत शाळेची चार पोरं रंगवायला यायची, तेव्हा टीचर स्वयंपाकघरात मासे साफ करता करता तिथूनच ओरडत, "कोण तो ब्रश सुको घासता? पाण्यात बुडय." आणि खरंच कोणीतरी सुका ब्रश घासत असे.

या सगळ्यात लोकांना खरा छळ वाटायचा तो त्यांच्या नियमाचा. टीचर कार्ड पुरं करायच्या नाहीत. फुलाची एक पाकळी, पक्ष्याचं एक पीस, होडीचं एक शीड, काहीतरी कोरं ठेवायच्या. कार्ड न्यायला आलेल्या माणसाने बाकड्यावर बसायचं, चिनी मातीच्या वाटीतला रंग घ्यायचा आणि ती जागा स्वतः भरायची. त्याशिवाय पाकीट मिळायचं नाही.

"हात लावल्याशिवाय दिलंय म्हणा नको," त्या म्हणत.

मासळीच्या लिलावात आवाजाने गाव हलवणारा एक मनुष्य बहिणीच्या कार्डावरचं पान रंगवताना घामाघूम झालेला मी पाहिला आहे. कोणी म्हणे, टीचर, माझा हात वाईट आहे, चित्र बिघडेल. टीचर म्हणत, "तुझो हात तेका म्हायती आसा. माझो नाय." रेघेबाहेर गेलेला रंग त्या कधीही सुधारत नसत. मोबाइलवर त्यांच्या वाढदिवसाला गुलाबाची चित्रं येत, त्यांचा तर त्यांना मनापासून तिटकारा होता. आठवडाभराने त्या प्रत्येकाला हाताने केलेलं कार्ड पाठवत. आत एकच ओळ: 'तुझा गुलाब पावला. कोणी रंगवला होता?' त्यामुळे पुढच्या वर्षी गुलाब निम्म्यावर येत.

शेजारी काकींचं घर. त्यांच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या वर माटवी बांधत, म्हणजे लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानातली फळंफुलं टांगायची. लाल कवंडळ त्यात हवंच. एका वर्षी कवंडळ कुठेच मिळालं नाही. काकींचा मुलगा दोन दिवस रान तुडवून हात हलवत आला आणि काकी हिरमुसून बसल्या. टीचरांनी जाड कागदाचं कवंडळ कापलं, लाल रंगवलं, त्यावर वर्खाची एक चमक दिली आणि कुंपणावरून हाक मारली. देठाकडची जागा अर्थातच कोरी होती. काकींनी सोवळ्यात, ओल्या केसांनी कुंपणाशी उभं राहून ती हिरवी केली आणि कवंडळ माटवीला टांगलं. तेव्हापासून खरं मिळालं तरी टीचरांचं एक कवंडळ त्यांच्या माटवीत असेच, आणि नाताळात दोदोलची, म्हणजे नारळ-गुळाच्या वड्यांची, पहिली ताटली कुंपणावरून काकींकडे जाई.

मला वाटायचं, हा नियम गिऱ्हाइकांसाठी आहे. मी भाडेकरू, मला त्याची बाधा नाही.

आता माझ्या घरचं सांगणं भाग आहे. माझे वडील, अण्णा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. जळलेली तांब्याची तार उलगडून नवी भरतात. आयुष्यभर त्यांनी एकही वस्तू अपुरी घरात ठेवून घेतली नाही. छत्रीची एक काडी सैल असली की छत्री दुकानात परत. कुकरची शिटी घोगरी वाजते म्हणून तेवढी शिटी कागदात गुंडाळून ते बसने दहा मैल गेले आणि चांगली वाजणारी शिटी घेऊन आले. पैशाचा प्रश्न नसे. बनवणाऱ्याला कळलं पाहिजे, असं ते म्हणत.

अशा माणसाने ठरवलेलं लग्न मी मोडलं. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, आणि मग मुलाने सांगितलं की कोकणातली नोकरी सोडायची. नोकरी मला नुकतीच लागली होती. मी नाही म्हटलं. अण्णांना म्हटलं, तुम्ही तर शिटीसुद्धा परत करता. ते म्हणाले, "शिटी परत करता येते. मी शब्द दिलाय." त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. मी फोन केला की आई उचले. पत्रिकांचे गठ्ठे दुकानात पडून होते आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर अण्णा मोटारींची कामं लिहीत होते, हेही आईनेच सांगितलं. दर कामाला माझं नाव उलटं पडत असणार, असं मनात येऊन मला फार वाईट वाटायचं. पण चूक माझी नव्हती. आधी त्यांनी बोलावं असं मला वाटे, आणि त्यांनाही तसंच वाटत असणार, कारण हट्ट मी त्यांच्याकडूनच घेतला आहे.

एका रविवारी आई फोनवर हळूच म्हणाली की पुढच्या महिन्यात अण्णांना साठ पूर्ण होतात. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. टीचर बाकड्यावर होत्या.

"बस गो बाय," त्या म्हणाल्या. "तुझो बापूस सकाळी उठलो काय पयलो काय करता?"

मला हसू आलं. म्हटलं, मला कार्ड नको आहे. त्यांनी प्रश्न परत विचारला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं काढून घेतलं. ते सकाळी दुकानामागच्या जास्वंदीची पाच फुलं काढतात. दिवसभर तांब्याची तार पाहतात. कुकरची शिटी परत करतात, हे ऐकून टीचर इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. "आणि राग इलो काय?"

"गप्प बसतात," मी म्हटलं.

"आणि तू?"

मी गप्प बसले.

कार्ड करायला त्यांना चार दिवस लागले. सोनेरी आणि चांदीचा वर्ख घरात होता, पण तांब्याच्या रंगाचा नव्हता, म्हणून त्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेल्या. एवढ्या अधू डोळ्यांनी, बस बदलून. परत आल्या तेव्हा गुडघे धरून बसल्या होत्या, पण पिशवीत तांब्याच्या रंगाचा वर्ख होता. कार्डावर एकच मोठी जास्वंद. पाकळ्यांच्या शिरा तांब्याच्या, तारेसारख्या बारीक. चार पाकळ्या लाल, पाचवी कोरी.

टीचरांनी वाटीत रंग कालवला, पाण्याचा पेला ठेवला, ब्रश माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या.

मला नाही म्हणता येईना. ती बाई माझ्यासाठी म्हापशाला जाऊन आली होती. पण रंग लावणं म्हणजे मी माघार घेणं, असं काहीतरी डोक्यात घट्ट बसलं होतं. तेव्हा मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि नुसत्या पाण्यानेच पाचवी पाकळी भरली. ओली पाकळी चमकत होती. टीचरांच्या डोळ्यांना एवढंच दिसणार, असा माझा हिशेब होता.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"बरा," त्या म्हणाल्या आणि पाकीट पुढे केलं. आत मी फक्त 'ती. अण्णांना सा. न.' एवढंच लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

दहा-बारा दिवस झाले. रविवार होता. टीचर चर्चच्या मिसाहून येऊन घाणो फिरवत होत्या आणि तो नेहमीप्रमाणे किंचाळत होता. मी मागे कपडे धूत होते. ओटीवरून आवाज आला, "हे कार्ड इथनंच आलंय का?"

मी साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. अण्णा पहाटेच्या गाडीने निघून सावंतवाडीला बस बदलून आले होते, पाकिटामागचा पत्ता शोधत.

"हितनाच गेला," टीचर म्हणाल्या. "काय झाला?"

"काम एक नंबर आहे. त्याला नाव ठेवत नाही. पण ही एक पाकळी रंगवायची राहिलीय." अण्णांचा आवाज दुकानात असतो तसाच होता. "बदलून नको. दुरुस्त झालं तरी चालेल."

टीचरांनी कार्ड नाकाला लावून पाहिलं. "अपुरा आसा खरा. बसा. दुरुस्त करणारा आत आसा, भायर येवक लाजता."

मी बाहेर आले. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच घाण्याकडे पाहिलं. ते वाळले होते. कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"हे यंत्र ओरडतंय," ते टीचरांना म्हणाले. "तेल कुठलं घालता?"

"खोबरेल."

अण्णांनी डोळे मिटले. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, पिशवीतून पाना आणि पेचकस काढला. साठीचा माणूस कार्डाची तक्रार घेऊन येताना पाना कशाला आणतो, हे मी विचारलं नाही. त्यांनी घाणो उलटा केला, दातेरी चाकं सुटी केली, आणि हात मागे करून म्हणाले, "फडकं आण."

दोन वर्षांनंतर माझ्याशी बोललेले त्यांचे पहिले शब्द ते. मी फडकं आणलं. मग रॉकेल, मग टीचरांच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली. तासभर आमचं एवढंच बोलणं झालं, धर, सोड, इकडे उजेड दे.

घाणो जुळला तेव्हा चालवून पाहायला कागद हवा होता. कागद पिंपात होता. अण्णांनी पिशवीत हात घातला. कार्ड वाकू नये म्हणून त्यांनी ते दोन जाड कागदांच्या मध्ये ठेवून आणलं होतं. त्यांतला एक काढला. माझ्या लग्नाची पत्रिका होती. वर गणपती, खाली चि. सौ. कां., आणि माझं नाव.

"ह्याच्यावर बघू," ते म्हणाले.

टीचरांनी जास्वंदीची डाय पत्रिकेवर ठेवली, ताटल्या लावल्या. अण्णांनी दांडा फिरवला. घाणो पहिल्यांदाच गप्प फिरला. पलीकडून पाच पाकळ्यांचं फूल निघालं, एका पाकळीवर माझं अर्धं नाव. अण्णांनी ते उलटसुलट करून कडा तपासल्या.

"साफ कापतंय," ते म्हणाले. मग दुसरी पत्रिकाही घातली. तीही कापून झाल्यावर टीचरांना विचारलं, "दुकानात दोन गठ्ठे आहेत असले. पाठवून देऊ?"

"धाडा. कागद बरो आसा."

उरलेल्या एका कपट्यावर त्यांनी लिहिलं, 'महिन्याला मशीनचं तेल. खोबरेल घालू नये,' आणि तो घाण्याखाली चिकटवला. टीचरांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या भाचीने घाणो मला आणून दिला तेव्हा कपटा जागच्या जागी होता. चाकांच्या दात्यांना बोट लावून पाहिलं, तर खोबरेल.

त्या रविवारी, कपटा चिकटवून झाल्यावर, टीचरांनी वाटीत रंग कालवला. मी बाकड्यावर बसले. अण्णा शेजारी बसले. या वेळी मी ब्रश रंगात बुडवला आणि पाकळी भरली. लाल रंग तांब्याच्या शिरेवरून रेघेबाहेर गेला.

"बाहेर गेलं," अण्णा म्हणाले.

"जांव दी," टीचर म्हणाल्या.

जेवण झालं. अण्णांनी बांगड्याच्या काट्यांना घाबरत घाबरत अर्धा बांगडा खाल्ला. दुपारच्या बसपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. कार्ड त्यांनी पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं, रंग अजून ओला आहे म्हणून. बस आली तेव्हा म्हणाले, "दिवाळीची सुट्टी कधी लागते ते कळव."

"आईला फोन करते."

"आईला नको," ते म्हणाले. "मला कर."

घरी आले तर टीचर वाट्या आवरत होत्या. मला वाटलं, आता सांगून टाकावं. म्हटलं, टीचर, त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं.

"म्हायती आसा माका," त्या म्हणाल्या. "रंगाच्या वाटयेक तुझो ब्रश लागलोच नाय. पाण्याच्या पेल्याक दोनदा लागलो. आवाज येता गो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललंय असतंय तर तू रागान रंगयलं असतंस. आणि पुरा कार्ड तुझ्या बापसान कपाटात ठेवल्यान असता." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुकराची शिटी परत घेवन जाणारो माणूस. तो काय एक पाकळी सोडतलो?"

टीचरांनी वाटीतल्या ब्रशाकडे बोट दाखवलं.

"धू तो. रंग सुकलो काय केस कडक जातत."

मी ब्रश घेऊन मोरीत गेले, नळ सोडला आणि पुष्कळ वेळ रडले. त्या घरात इतका स्वच्छ ब्रश कधी कोणी धुतला नसेल.